जुन्या लष्करी ट्रकवर मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

24 व्होल्टच्या जुन्या लष्करी डिझेल ट्रकमधला इलेक्ट्रिक ऑइल गेज इंजिनापेक्षा वायरिंगचीच खबर जास्त देतो. सेंडर म्हणजे इंजिनात बसून प्रेशर गेजला कळवणारा सेन्सर; त्याचं अर्थिंग त्याच्या आट्यांतून होतं. तिथे गंज चढला किंवा कुणी टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे मारले, की काट्यावर भरवसा उरत नाही. म्हणून सेंडरच्या जागी टी (तीन तोंडांचं फिटिंग) लावून एका तोंडाला तोच सेंडर आणि दुसऱ्याला 0 ते 100 पीएसआयचा, ग्लिसरीन भरलेला मेकॅनिकल गेज जोडला.

बसवताना आटे जपा. 1/8 एनपीटीला (अमेरिकन पाइप आटे) इंचात 27 आटे, 1/8 बीएसपीला (ब्रिटिश पाइप आटे) 28. फरक एवढा थोडा, की चुकीचं फिटिंगही दोन-तीन फेरे गुमान जातं आणि मग अडतं. तिथे पान्याने जोर केला की ब्लॉकचे आटे गेलेच. टी स्टीलची घ्या. जड सेंडर टोकाला थरथरत राहतो आणि पितळ मानेशी तडकतं.

गेजसोबत आलेली नायलॉनची नळी लावूच नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ ती मऊ पडते, आणि गरम ऑइल तिथेच उडालं तर आग. तांब्याची नळी कंपनाने कडक होऊन फेरूलपाशी (जोडावर नळी आवळणाऱ्या कड्यापाशी) फुटते. दोन-तीन वेटोळी ठेवली तर तग धरते. सध्या जाळीदार होज आहे, जोडावर ओलसुद्धा नाही.

प्रेशर बघायचं ते ऑइल पूर्ण तापल्यावर, अर्धा तास लोडवर चालवून. पाण्याच्या तापमानाचा काटा आधी चढतो, त्याला फसू नका. दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय हा ढोबळ हिशेब. खरा आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला. थंड इंजिनावर काटा 60 च्या पुढे गेला तर हुरळू नका, ते ऑइलच्या घट्टपणाचं प्रेशर.

गरम इंजिनात प्रेशर आयडलला पडतं आणि रेस केल्यावर सावरतं, तर बेअरिंग झिजलेत किंवा ऑइल पातळ झालंय. आधी डिपस्टिक हुंगा. लेव्हल चढलेली आणि डिझेलचा वास असेल तर इंजेक्टर किंवा डिझेल पंपाचं सील गळतंय. त्यावर जाड ऑइल ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. रेस करूनही काटा हलत नसेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) कचऱ्याने उघडा अडकला असेल. वरच्या आरपीएमला काटा थरथरत खाली येत असेल, तर संपमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी किंवा हवा ओढणारा सक्शन पाईप तपासा.

गेजबद्दल तक्रार एकच: केबिन तापली की आतली हवा फुगते आणि काटा दोन-तीन पीएसआय कमी दाखवतो. माथ्यावरचं रबरी बूच क्षणभर उचललं की जागेवर येतो.