महागडा स्टिरिओ आणि खरखरीत रेकॉर्ड्स: सातआठ महिन्यांनंतरचा अनुभव

सेटअप आधी सांगतो. केईएफ कंपनीचे एलएस५० मेटा स्पीकर, ५० वॅटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा), सोर्स म्हणजे लॅपटॉप आणि जुन्या सीड्या. पुण्यातली १० बाय १२ची खोली. ऐकणं बहुतेक शास्त्रीय, थोडी जुनी हिंदी गाणी.

सुरुवातीला सगळे करतात तेच केलं, ऑडिओफाइल डेमो ट्रॅक, म्हणजे सिस्टिम मिरवायला खास रेकॉर्ड केलेली गाणी. भारी वाटतं, खोटं कशाला बोला, पण तेच तेच किती ऐकणार. मग रोजचं लावायला घेतलं आणि गंमत सुरू झाली.

आधी आडवे झाले ते जुन्या गाण्यांचे रिमास्टर, म्हणजे नव्याने प्रोसेस करून काढलेल्या आवृत्त्या. वरून ठेका चढवलेले झंकार बीट्सवाले तर सोडाच (ते रिक्षातच बरे), पण साधे दिसणारेसुद्धा एवढे दाबून लाऊड केलेत की मुखडा, अंतरा, मधलं म्युझिक सगळं एकाच पातळीवर. सीडीच्या १६ बिटात हळू ते मोठ्या आवाजासाठी ९६ डेसिबलची जागा असते, वापरलीय त्यातली जराशीच. दोन गाण्यांत कान थकतात. स्टुडिओत केलेल्या काही शास्त्रीय अल्बमचंही तेच, वरून इतका रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) ओतलाय की तान संपली तरी तिचं शेपूट पुढच्या समेत लुडबुडतं. आधीच्या स्पीकरवर हे कधी जाणवलं नव्हतं.

आणि मग लावले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब. १९३०च्या दशकातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, वरच्या फ्रिक्वेन्सीत फारसं काही नाही, खरखर भरपूर. पण मोनो (दोन्ही स्पीकरला एकच सिग्नल) असल्याने आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येतो, आणि एलएस५०चा ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) वूफरच्या (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरच्या) पोटातच बसवलेला असल्याने तिथून हलत नाही. तबकडीवरून डिजिटल केलेल्या काही ट्रान्सफरमध्ये तर खरखर दोन्ही बाजूंना पसरते आणि गळा मध्ये मोकळा राहतो. आवाज लहान-मोठा जो काय केलाय तो गाणाऱ्याने स्वतः, नंतर कोणी आवाजाचा फेडर हलवलेला नाही. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांच्या रेडिओ रेकॉर्डिंगचंही असंच, लावलं की उठवत नाही.

खोलीचं मात्र बघावंच लागतं. १२ फुटांत ४७ आणि ९४ हर्ट्झला आवाज साचतो, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा त्याच भागात, त्यामुळे पहिल्यांदा साधा ठेकासुद्धा वरातीतल्या डीजेसारखा वाजत होता. स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढले, खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली, बराच फरक पडला. खुर्चीमागे गोधडी टांगलीय, तिने बेस हलत नाही पण झांजा टोचायच्या थांबल्या. घरच्यांना अजून हसू येतं, येऊ दे.

सबवूफर (फक्त खोल बेससाठीचा वेगळा स्पीकर) घेऊ का असं बरेच जण विचारतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास येते आणि कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे या स्पीकरचा आवाज ७९ हर्ट्झच्या खाली कमी व्हायला लागतो, तरी खर्ज नीट ऐकू येतो कारण जवारीमुळे (तारेखालच्या घोडीची खास घडण) वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, एवढे दाट असतात की उरलेलं कान भरून काढतो. पखवाज किंवा ऑर्गन ऐकणाऱ्यांनी घ्या, मी नाही घेतला.

डेमोला जाताना दुकानदाराचे ट्रॅक ऐकू नका, घरातलं सगळ्यात फाटकं पण जिवाभावाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर न्या. आणि केबलचं म्हणाल तर अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर लावलीय, इलेक्ट्रिकच्या दुकानातली.