वातीच्या मशीनचे १,१६,२९९ रुपये

मी किती बुडाले तो आकडा आधीच सांगते, म्हणजे कुणी दया येऊन कमी धरायला नको. मशीन ७२,०००. डिपॉझिट २५,०००. पहिला कापूस, २० किलो, ६,०००. ‘उद्यम नोंदणी आणि फाइल’, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, ४,९९९. स्टॅम्प पेपर ५००. दुसरा कापूस, ५० किलो, १५,०००. त्यातले ७,२०० परत आले. राहिले १,१६,२९९.

योजना काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. कापूस ते देणार, वाती आपण वळायच्या, तेच विकत घेणार. एसटी स्टँडच्या खांबाला अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्या वाचून मीही हसलेय. पण माझ्याकडे ही जाहिरात खांबावरून आली नाही, भिशीतून आली.

मी बिनडोक नाही. बारा वर्षं एका पतसंस्थेत हिशेब लिहिलेत. धंद्यात पडण्याआधी चौकशी करायची एवढं मला कळतं, आणि मी ती केलीही. सांगलीत गणपती मंदिराबाहेर हार विकणाऱ्या मावशींना विचारलं, वाती कुठून आणता? रिक्षावाल्या काकांना विचारलं, पूजेचा घाऊक माल कुणाकडे उतरतो? पार्लरमध्ये विचारलं, मुलाच्या क्लासबाहेर ताटकळताना विचारलं. आणि प्रत्येक ठिकाणी बोलता बोलता सांगून बसले की नोकरी सुटलीय, दीड लाखाची एफडी आहे, ती मोडता येईल. बाजाराची माहिती काढायला निघालेली मी, स्वतःचीच माहिती गावभर वाटत होते. आठ दिवसांत भिशीतली एकजण दारात. “अगं, माझ्या नणंदेनं घेतलंय, महिन्याला बारा हजार सुटतात.” नणंदेकडे जाऊन मशीन चालताना बघितलं. तुम्ही असं बघायला गेलात तर मशीन बघू नका, सहा महिन्यांचं पासबुक मागा. दाखवलं नाही तर चहा पिऊन घरी या.

आता तो दिवस. रोज रात्री तोच आठवतो. गणपती पेठेतल्या एका दुकानदारानं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वहिनी, मला तयार वात साडेतीनशे रुपये किलोनं दुकानात पोच मिळते. हे लोक तुमच्याकडनं सहाशेनं घेणार. मग विकणार कुणाला?”

मी म्हणाले, “त्यांचा माल एक्स्पोर्ट होतो.”

हे वाक्य माझं नव्हतंच. आदल्या दिवशी कंपनीच्या माणसानं फोनवर पढवलेलं. दुकानदार पुढं काही बोलला नाही, उदबत्तीचे पुडे मोजायला लागला. मला वाटलं, मेल्याला स्वस्त माल बंद होण्याची भीती वाटतेय! सरळ अडीचशेचा फरक. तो कुणाच्या खिशातून येणार, हे बारा वर्षं हिशेब लिहिणाऱ्या बाईला कळू नये? नव्या बाईच्या मशीनच्या पैशांतून. माझ्या पहिल्या १२ किलोचे ७,२०० असेच आले, आणि त्याच जोरावर मी ५० किलो कापूस मागवला.

दुसऱ्या खेपेचे ३० किलो ‘पीळ सैल’ म्हणून नापास. करारात ‘गुणवत्ता मान्य झाल्यास’ असं कलम होतं. ते मी वाचलं होतं. माझी सही त्याच्याच खाली आहे. पण दुसरा कापूस घेतला तेव्हा पहिले पैसे वेळेवर आले होते, कुणीही विश्वास ठेवला असता. पुढं फोन बंद, आणि पुण्याच्या पत्त्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तसंच दुसरं मशीन नंतर एका वर्कशॉपनं मला २८,००० ला सांगितलं. आणि ती उद्यम नोंदणी? सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, बस्स. तिचे पैसे जो मागेल त्याला तिथंच उठवा.

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवून सांगितलं, “ताई, करार केलाय, मशीन मिळालंय, हा दिवाणी मामला.” दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, “ऑफिस पुण्यात ना? मग पुण्याला जा.” १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्याची प्रिंट काढून नेली. साहेबांनी तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, तर “तुम्ही स्वतःहून पैसे पाठवलेत ना?” जिल्हा उद्योग केंद्रात विचारलं, “आमच्या योजनेतून घेतलंय का?” नाही म्हटल्यावर त्यांची मान पुन्हा खाली. एक वकील म्हणाले, धंद्यासाठी मशीन घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हे खोटं आहे! स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी नाही. मी स्वतःच अर्ज लिहिला. तीन तारखा झाल्या. नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आली. आता नवा पत्ता मीच शोधायचा म्हणे.

एक रक्कम वरच्या हिशेबात धरलेली नाही. पहिले पैसे आल्यावर मागच्या गल्लीतल्या एकीनं विचारलं, चांगलं आहे का? मी हो म्हटलं. तिनंच विचारलं होतं, मी काही दारोदार फिरले नव्हते. तिनं ९७,००० भरले आणि माझ्या खात्यात न मागता ५,००० आले. भिशीतली बाई आठ दिवसांत माझ्या दारात का आली होती, ते तेव्हा कळलं. तरी मी ते पैसे दोन महिने तसेच ठेवले.

गेल्या आठवड्यात तिला नेऊन दिले. तिनं उंबऱ्यातच मोजून घेतले आणि दार लावलं.