टो-बारवरच्या लेबलावर विश्वास ठेवला, तिथेच फसलो

आमची फोर-व्हील गाडी दुसऱ्या गाडीमागे, चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढायचा ‘पूर्ण संच’ म्हणून एका वर्कशॉपवाल्याने बिलावर सहा वस्तू लावल्या होत्या: टो-बार (दोन गाड्यांना जोडणारा दांडा), बेसप्लेट (टो-बार अडकवायला मागच्या गाडीच्या चासीला लावायची प्लेट), टो-बार सुटला तर गाडी धरून ठेवणाऱ्या सेफ्टी केबलची जोडी, दिव्यांचं वायरिंग, ब्रेकअवे स्विचसह (गाडी सुटली की पिन ओढली जाऊन ब्रेक लावणारा) सहायक ब्रेक आणि पुढच्या गाडीला लावायची, उंची जुळवणारी हिच. 60 टक्के रक्कम आगाऊ घेतली, उरलेली 40 टक्के किल्ली हातात देताना. सहापैकी धड निघालं फक्त वायरिंग. परत मिळालेली रक्कम शून्य.

हा माणूस अडाणी असता तर फसलो नसतो. ट्रान्सफर केसबद्दल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्याबद्दल, तो अचूक बोलला. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकली की चाकांची फिरकी गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाही. नुसता गिअरबॉक्स न्यूट्रलला ठेवून ऑटोमॅटिक गाडी ओढली तर आतला तेलाचा पंप बंदच राहतो, कारण तो इंजिनवर चालतो, आणि आतले भाग कोरडे फिरून जळतात. खात्री कशी करायची तेही त्याने करून दाखवलं: इंजिन चालू, ट्रान्सफर केस न्यूट्रलला, मग गिअर आधी रिव्हर्सला, नंतर ड्राइव्हला टाकून ब्रेक सोडायचा. गाडी तसूभरही हलता कामा नये. पुढच्या चाकांचे हब (चाक आसाला जोडणारे) हाताने फिरवायचे असतील तर सोडायचे, स्टिअरिंगचं कुलूप उघडं ठेवायचं. यातला शब्दन् शब्द बरोबर होता. जे डोळ्यांना दिसतं ते सगळं चोख, आणि चोरी बंपरच्या मागे.

पण एक प्रश्न त्याने विचारला नाही: गाडीचं वजन किती? हे आठवलं की आजही अंगाची लाही होते. समोर 3.5 इंच लिफ्ट, 35 इंची टायर, पुढे-मागे लोखंडी बंपर, विंच, पोटाखाली जाड पत्रे, छतावर रॅक. अशा गाडीला ओढायचं साहित्य विकणारा माणूस वजनकाट्याची पावती मागत नाही, तिथेच उठून निघायला हवं होतं. पुस्तिकेत वजन 1,850 किलो. नंतर काट्यावर नेली तेव्हा भरलं 2,340. टो-बारवरच्या लेबलावर 5,000 पौंड, म्हणजे 2,268 किलो. लेबल खरं असतं तरी 72 किलो जास्तच होते. आणि लेबल खरं नव्हतंच. कडेला नख लावलं तर सोलून निघालं, खाली धातूवर ठोकलेला मूळ आकडा 3,500 पौंड, जेमतेम 1,588 किलो. लेबलावर क्षमता, मालिका क्रमांक, सगळं छापलेलं होतं. असं लेबल नखाने खरवडून कोण बघतं? आता बघा. आणि टो-बार, बेसप्लेट, हिच, बॉल यांत ज्याची क्षमता सगळ्यात कमी, तीच पूर्ण जोडणीची क्षमता.

पहिल्या 12 किलोमीटरनंतर थांबून तपासलं म्हणून वाचलो. टो-बार जोडलेल्या डाव्या पट्टीचं बोल्टचं भोक लांबट झालं होतं, वेल्डभोवतीचा रंग तडकलेला. बंपर उतरवला तेव्हा कळलं की बेसप्लेट नावाची वस्तूच नाही. बिलात 6 मिमीची प्लेट, चासीला बोल्टने आवळलेली. प्रत्यक्षात 3 मिमीच्या दोन पट्ट्या, बंपरच्याच पत्र्याला वेल्ड मारलेल्या. बंपर धक्के झेलायला असतो, ओढायचा भार चासीवरच जायला हवा. बिलात 12 मिमीचे 10.9 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे बोल्ट. बसवलेले 10 मिमीचे, डोकी घासून वर काळा रंग. बोल्टच्या डोक्यावर ग्रेडचा आकडा वाचता येत नसेल तर तो बोल्ट घेऊ नका. मागच्या गाडीच्या सेफ्टी केबल त्याच पट्ट्यांना अडकवलेल्या. पट्टी सुटली असती तर केबलही तिच्याबरोबरच गेल्या असत्या. केबल चासीला हव्यात, आणि टो-बारखालून एकमेकींना ओलांडून.

ब्रेकअवे स्विचचं तर काय सांगावं! वायरचं टोक बंपरमागे टेपने चिकटवून सोडलेलं, ब्रेकशी संबंधच नाही. स्विचची पिन ओढून ब्रेकचं पेडल खाली जातं का, एवढंच बघायचं होतं. दहा सेकंदांचं काम. ती पिन ओढून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता कुणालाही देऊ नका.

दोन गाड्यांच्या जोडांच्या उंचीत 160 मिमीचा फरक होता, दिलेल्या हिचने भरून निघाले फक्त 50. उरले 110. टो-बार जवळजवळ सपाट हवा, 75 मिमीपर्यंतचा फरक चालवून घेतात. मागचा जोड उंच राहिला की जोराच्या ब्रेकला मागची गाडी पुढच्या हिचवर चढायला बघते. टेप लावून स्वतः मोजा.

तक्रार केली. पोलीस म्हणाले, हा व्यवहाराचा वाद, इथे कशाला आलात? ग्राहक तक्रार कक्षाने तज्ज्ञाचा अहवाल मागितला. तज्ज्ञ कुठून आणायचा हे विचारलं तर ‘ते तुम्ही बघा’. वाहन कार्यालयाने सांगितलं की त्यांचा संबंध गाडीशी, तिला जोडलेल्या सामानाशी नाही. विमा कंपनीने उलट आम्हालाच विचारलं की लिफ्ट आणि बंपर कळवले होते का. टो-बार बनवणाऱ्यांचं उत्तर एका ओळीचं: हा मालिका क्रमांक आमचा नाही, विकणाऱ्याशी बोला. विकणाऱ्याने 10 टक्के परत देऊ केले, तेही ‘तक्रार नाही’ असं लिहून दिल्यावर. सही केली नाही. घासलेला बोल्ट, सोललेलं लेबल, बिल, काट्याची पावती, सगळं टेबलावर ठेवलं होतं. एकानेही बोल्ट हातात घेऊन बघितला नाही. हायवेवर 2,340 किलोची गाडी सुटून समोरच्या लेनमध्ये गेली असती तर हीच माणसं पंचनाम्याला धावत आली असती.

बंपर पुन्हा चढवण्याआधी फोटो काढा, मागची बाजूही. आमच्याकडे बसवतानाचा एकही फोटो नव्हता, त्यामुळे ‘नंतर तुम्हीच बदललं’ म्हणायला त्याला मोकळं रान मिळालं.

ते वर्कशॉप अजून चालू आहे. कुणाकडूनही असा तयार संच बसवून घेतला असेल तर पुढच्या प्रवासाआधी बंपर उतरवा आणि पट्ट्या कशाला जोडल्यात ते डोळ्यांनी बघा.