सागाचं कपाट रंगवायला देताय? आधी फळ्यांवर खूण करा

जुनं सागवानी फर्निचर घ्यायचं आणि त्याला पांढरट रंग, वर तपकिरी ग्लेझ देऊन ‘व्हिंटेज’ करून घ्यायचं, ही सध्याची टूम. (सागावर रंग मारणं हेच मुळात पाप, असं मानणारे आमच्या घरात बरेच आहेत. तो वाद इथे नको.) मला सांगायचंय ते रंगाखाली काय परत येतं त्याबद्दल. आमचं कपाट कारखान्यात गेलं तेव्हा आख्खं सागाचं होतं. परत आलं ते चौकट सागाची आणि बाकी सगळं एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड), असं होऊन.

पुण्यात पेठेतला एक वाडा पाडला तेव्हा निघालेलं हे कपाट. दोन दारं, चौकटीत बसवलेली जाड पॅनलं, आत कप्पे, खाली दोन ड्रॉवर, पितळी बिजागऱ्या. पॉलिश काळंकुट्ट पडलेलं. घेण्याआधी आमच्या सुतारकाकांनी एका कप्प्याच्या खालच्या अंगाला पटाशीने थोडं खरवडून बघितलं. आत सोनेरी तपकिरी रेषा, बोटाला किंचित तेलकट लागणारं लाकूड आणि जुन्या सागाला येतो तो चामड्यासारखा वास. म्हणजे मालाबद्दल शंका नव्हती.

रंगकाम करणारा मालक शहराबाहेरच्या शेडमधला. बोलणं एकदम गोड, ‘ताई, तुम्ही बिनधास्त राहा’ हे दर वाक्याला. इतरांपेक्षा त्याचा भाव बराच कमी. दोन गोष्टींवर मात्र तो अडून बसला. काम घरी होणार नाही, स्प्रेचा वास सोसणार नाही. आणि रंग आतून, पाठीमागून, ड्रॉवरच्या तळालासुद्धा मारायचा, नाहीतर अर्धवट दिसतं. दोन्ही कारणं ऐकायला पटणारी. मध्ये बघायला येते म्हटलं तर ‘रंग ओला आहे, धूळ बसेल’.

कपाट आलं ते खरंच देखणं होतं, हे कबूल करायला हवं. ग्लेझ म्हणजे पातळ, अर्धपारदर्शक रंग. तो वरून फासतात आणि ओला असतानाच फडक्याने पुसून काढतात. सपाट भागावरचा निघून जातो, खाचाकोपऱ्यांत राहतो, आणि वस्तू शंभर वर्षं जुनी वाटते. कडा घासून आतलं लाकूड थोडं दाखवतात, तेही केलेलं होतं. पण चौकट आणि पॅनल जिथे मिळतात त्याच खाचेत ग्लेझ सगळ्यात गडद साठतो. पॅनल बदललेलं असेल तर सांधा तिथेच दिसायचा, आणि तोच नेमका झाकला जातो.

पावसाळ्यात दाराच्या चौकटीवर पिवळट डाग उमटायला लागले. आधी उभ्या पट्ट्यांवर, मग वरच्या कोपऱ्यात, चहा सांडल्यासारखे. रंग खराब म्हणून मी मालकाला फोन केला. ‘दमट हवा आहे ताई, होतं असं.’ सुतारकाका दुसऱ्याच कामाला आले होते, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, सागातलं तेल आणि रंग वर येतोय. पांढऱ्याखाली आधी चपड्याचं (लाखेचं) अस्तर दिलं नाही की हे होणारच. मग जरा थांबले आणि म्हणाले, “पण वहिनी, पॅनल कसं काय पांढरंशुभ्र राहिलं?”

एकाच झाडाचं, एकाच रंगाखालचं लाकूड, आणि डाग फक्त चौकटीवर. काकांनी ड्रॉवर ओढून उलटा केला, तळाच्या कडेला पटाशी टेकवली. रंगाची खपली उडाली आणि खालून रेषा नाही, धागा नाही, नुसता दाबलेला तपकिरी भुगा. पॅनलच्या पाठीमागून तेच. कप्प्यांच्या कडांना घासल्यासारखं जे लाकूड दिसत होतं, ते ब्रशने काढलेले तपकिरी फराटे होते. खरं घासकाम फक्त चौकटीवर, कारण खरा साग तेवढाच उरला होता.

उचलताना वजनात फरक कळला नाही का, असं सगळे विचारतात. नाही कळत. एमडीएफ सागाइतकंच भरतं, कधी थोडं जास्तच. फरक कळतो तो स्क्रूला. तो काढून पुन्हा बसवला की धरत नाही, आणि भोकातून पिठासारखी पूड येते. शिवाय ओल्या फडक्याने कड भिजली की फुगते.

कमी भावाचं कोडं मग सुटलं. वाड्यांतला मुरलेला, वाळलेला साग घनफुटावर विकला जातो, भाव हजारांत. त्यापुढे एमडीएफचा बोर्ड म्हणजे किरकोळ. रंगकामात त्याला काही सुटलंच नसेल. त्याची कमाई आमच्या फळ्यांत होती.

जाब विचारला तेव्हा ‘किडलेल्या होत्या, तुमच्याच भल्यासाठी बदलल्या’. बरं, मग जुन्या कुठे आहेत? ‘भंगारात गेल्या.’ सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, आणि लागलीच असेल तर फोटो काढून पाठवायला किती वेळ लागतो? कच्च्या बिलावर फक्त ‘कपाट रंगकाम’. लाकडाचा उल्लेखच नाही, आणि तो त्यावरच बोट ठेवत राहिला.

म्हणून कपाट देण्याआधी प्रत्येक फळीच्या मागे, आतल्या खाचेत, खिळ्याने ठोकून खूण करा. पेन्सिल घासकागदाखाली जाते, ठोकलेली खूण खोल असेल तर बोटाला लागते. समोरचा फोटो उपयोगाचा नाही. पॅनलची पाठ, कप्प्यांची पोटं, ड्रॉवरचे तळ यांचे फोटो हवेत. बिलावर ‘सागवानी कपाट, मूळ फळ्या कायम, बदलल्यास जुनी फळी परत’ एवढं लिहून घ्या. इथे कुरकुर झाली तर कपाट उचलून घरी आणा. जुनं पॉलिश खरवडून झाल्यावर, प्रायमरच्या आधी, एकदा प्रत्यक्ष बघा. आणि पाठ व ड्रॉवरचे तळ कोरेच ठेवायला सांगा. तिथे रंगाचं काही काम नसतं.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येतं, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. असं रंगवलेलं कपाट ज्यांच्या घरी आधीच आलंय, त्यांनी एक ड्रॉवर उलटा करून तळाची कड खरवडून बघा. मुदत तुमचीही चालू असेल.