एअर पिस्तुलाचा छर्रा: चपटा की गोल?
लातूर, नांदेडकडची दहा मीटर एअर पिस्तूल नेमबाजी नव्याने शिकणारी पोरं हमखास विचारतात, छर्रा चपट्या तोंडाचा घ्यावा की गोल? चपटाच घ्या. ४.५ मिमीचा हा छर्रा लक्ष्याच्या कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो. त्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम ११.५ मिमी, आणि भोक रेषेला नुसतं शिवलं तरी वरचा गुण मिळतो. म्हणून कड साफ हवीच. गोल तोंडाचा छर्रा कागद फाडतो, मग गुणांवरून वाद. लांब पल्ल्यावर तो वेग जास्त टिकवतो हे खरं, पण दहा मीटरवर त्याचा उपयोग काय? पिस्तुलाला साधारण अर्ध्या ग्रॅमचा चपटा पुरतो. दोन्ही बहुधा शिशाचेच. सरावानंतर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.