क्रँकवरचा डब्ल्यू दिसला होता, तरी १,३५० डॉलर मोजले

लिहायला लाज वाटते, कारण जुन्या फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे झटके झेलणारे शॉक असलेल्या) सायकलींचे फोटो ओळखीतले लोक मलाच पाठवतात. "ही कुठली रे? कितीला घ्यावी?" आणि मी ऐटीत सांगतो, पुढचा शॉक हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या नळीच्या, पोटात असेल तर कॅननडेल, शॉकमध्ये रबराचे ठोकळे असतील तर बहुतेक प्रोफ्लेक्स, आणि त्या रबराचा एव्हाना भुगा झालेला असणार. तर असा हा जाणकार बुडाला.

सायकल ट्रेक कंपनीची वाय-२२. १९९६ साली एमएसला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला आलो तेव्हा दुकानाच्या काचेत पाहिली होती. कार्बनची, इंग्रजी वाय आडवा पाडल्यासारखी फ्रेम, सीटखाली नळीच नाही. ट्रेकचं वॉटर्लू गाव तिथून जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. पण पुण्यात बाबांच्या ॲटलसवर कॉलेज केलेल्या पोराची किंमत विचारायचीही छाती झाली नाही. चालवायला ती काही फार ग्रेट नव्हती, हे आज कळतं. बीबी, म्हणजे पेडलची धुरी, मागच्या झुलत्या भागावरच, त्यामुळे सीटवर बसलं की सस्पेन्शन चालणार आणि पेडलवर उभं राहिलं की आखडणार. असू दे. मला तीच हवी होती.

जाहिरात अशी: "१९९५, पहिल्या वर्षाची, एकच मालक, सगळे पार्ट कंपनीतून आले तसेच. १,६०० डॉलर." मी आंधळेपणाने गेलो नाही, हे आधी सांगतो. क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांडीच्या, मागचा फोटो मागवला. शिमानो ही सुटे भाग बनवणारी कंपनी, तिच्या क्रँकवर मागे दोन अक्षरं ठोकलेली असतात, पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. एस म्हणजे १९९४, टी म्हणजे १९९५. फोटोत होतं डब्ल्यू-ई. मे १९९८.

मला ते दिसलं. मोठं करून पाहिलं. विचारलंसुद्धा! विकणारा म्हणाला, जुनी झिजली म्हणून बदलली. बरं, झिजतात क्रँक. मग "कंपनीतून आले तसेच" हे काय होतं? शिवाय मागे व्ही-ब्रेक. शिमानोचे व्ही-ब्रेक आले १९९६च्या मॉडेलांवर. १९९५च्या सायकलला त्याआधीचे कँटिलिव्हर ब्रेक हवेत. एकच वाक्य दोनदा खोटं पडलं आणि मी काय केलं? त्याच्या जोरावर २५० डॉलर उतरवून घेतले आणि स्वतःची पाठ थोपटली. त्याला तेच हवं होतं. भाव पाडायच्या नादात असलेला माणूस फ्रेमकडे बघत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. "उद्या दुसरा येतोय", मग २०० डॉलर इसार म्हणून बँकेच्या ॲपवरून, उरलेले १,१५० रोख. भेट कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलच्या एका पार्किंग लॉटमध्ये, तिन्हीसांजेला. बायको म्हणाली होती, "अरे, दिवसा ये म्हण ना त्याला." मी त्या दुपारी फेअरफॅक्सच्या सायकल म्युझियममधून थेट तिकडे गेलो होतो. १९७६ पासून रिपॅकच्या, म्हणजे माउंटन बाइकिंगच्या सुरुवातीच्या उतारावरच्या, शर्यती जिथे झाल्या तो हा परिसर. डोकं तिथेच अडकलेलं. कुणाचंही अडकलं असतं. मोबाईलच्या उजेडात फ्रेम नुसती चमकत होती.

सकाळी गॅरेजचं दार उघडलं. शॉकच्या वरच्या बोल्टपाशी एका शर्यतीचा स्टिकर होता. एवढ्या जुन्या फ्रेमवर एकही ओरखडा नसलेला स्टिकर! नखाने कोपरा उचलला तर खाली करडी पुट्टी, आणि पुट्टीतून केसाएवढा तडा, बोल्टपासून चार बोटं लांब. नाण्याने ठोकत गेलो. टक, टक, टक, आणि तड्यापाशी थप. दुकानात ८५ डॉलर दिले तेव्हा मेकॅनिकने एका मिनिटात सांगितलं, हिच्यावर बसू नका. म्हणजे एकूण १,४३५.

नाणं खिशात होतंच की त्या संध्याकाळी! कार्बन घ्यायला जाताना नाण्याने ठोकून पाहा, विकणारा तोंड वाकडं करो. स्टिकर दिसला की त्याच्या खालीच संशय घ्या.

नंबर अर्थात बंद. पोलिसांनी फोनवरच सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, पुट्टी भरून विकलीय, फसवणूक आहे. "त्याला तडा माहीत होता हे सिद्ध करू शकता?" पुट्टी काय आपोआप उगवते का? बँकेत चाळीस मिनिटं होल्डवर ठेवून उत्तर मिळालं की पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत. २०० डॉलर ज्या खात्यात गेले त्याचं नाव द्या, तर म्हणे ग्राहकाची गोपनीयता. स्मॉल क्लेम्स कोर्टाची (छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाची) फी फक्त ३० डॉलर, ती मी आनंदाने भरली असती. पण समन्स कुणाच्या नावाने आणि कुठल्या पत्त्यावर? म्हणजे नाव बँक देणार नाही, नावाशिवाय कोर्ट घेणार नाही, आणि पोलिस म्हणणार कोर्टात जा. भेटीआधी गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो घ्या. मी सायकलचे सतरा फोटो काढले, त्याच्या ट्रकचा एकही नाही.

गेल्या आठवड्यात सॅक्रामेंटोच्या बाजूची एक जाहिरात दिसली. क्लाइन मँट्रा (तशीच एक जुनी फुल सस्पेन्शन), एकच मालक, सगळे पार्ट कंपनीतून आले तसेच. फोटोत मागे माझ्या सायकलच्या जाहिरातीतलंच सोललेल्या हिरव्या रंगाचं गॅरेजचं दार. मी लगेच जाहिरातीच्या साइटकडे तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं: सदर जाहिरातीत नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.