फूड डिहायड्रेटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

एकावर एक बसणारे पाच गोल ट्रे, तळाशी पंखा आणि 350 वॅटचा हीटर, 35 ते 70 अंश सेल्सिअसचा थर्मोस्टॅट, असं हे फळं-भाज्या सुकवायच्या यंत्राचं साधं मॉडेल. टायमर नाही. सुकवण्याचं काम चोख करतं, पण त्यातलं निम्मं श्रेय सुरीचं.

काप 5-6 मिमी जाडीचे आणि सगळे सारखे हवेत. एकाच ट्रेमध्ये 3 मिमीची आणि 8 मिमीची चकती असली, तर पातळ चकती करकरीत होईपर्यंत जाड चकती मधोमध ओलीच राहते. स्लायसर असेल तर तोच वापरावा. काप एकमेकांवर चढले की हवा अडते, म्हणून ट्रे खच्चून भरण्यात काही फायदा नाही.

फळांना साधारण 57 अंश, भाज्यांना 52, पुदिन्यासारख्या पानांना 35 ते 40. लवकर उरकावं म्हणून सुरुवातीलाच 70 वर ठेवलं, तर बाहेरचा थर कडक होतो आणि आतल्या पाण्याला वाट मिळत नाही. वरवर छान वाळलेले असे काप बरणीत बुरशी धरतात. बटणावरच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. प्रोब थर्मामीटर (सुईसारखं टोक असलेला तापमापक) खालच्या आणि वरच्या ट्रेवर ठेवून बघा, फरक लगेच कळेल. पंखा तळाशी असल्याने खालचा ट्रे आधी वाळतो, त्यामुळे दर दोन तासांनी ट्रेंची अदलाबदल करावीच लागते. खोक्यासारख्या, मागे पंखा असलेल्या मॉडेलमध्ये ही कटकट बरीच कमी, पण जागा जास्त लागते.

खरी परीक्षा टोमॅटोची. त्यात जवळपास 94 टक्के पाणी, म्हणजे किलोभर टोमॅटोचे हाती येतात जेमतेम 60-70 ग्रॅम. चिरल्यावर दहा मिनिटं चाळणीत निथळू द्यावेत आणि साल खाली करून मांडावेत, नाहीतर रस थेट पंख्याच्या तळावर ठिबकतो. या रचनेतला हा सगळ्यात मोठा दोष. 8 ते 12 तास लागतात, हवा दमट असेल तर त्याहून जास्त. झालेत का ते गरम असताना बघू नये, गरम काप नेहमी मऊच लागतो. एक काप बाहेर काढून पूर्ण गार करावा, मधोमध फाडून दाबावा. ओल दिसली तर परत आत.

सफरचंदाचे काप लिंबू पिळलेल्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवले की काळे पडत नाहीत. केळं जाळीला चिकटतं, अर्धवट वाळल्यावर एकदा उलटावं. गाजर आणि शेंगा दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकाव्यात. हे टाळलं तर साठवणीत रंग आणि चव उतरते. कांद्याला याची गरज नाही, पण त्याच्यासोबत फळं ठेवू नका, वास लागतो. मांसासाठी नुसत्या या यंत्रावर विसंबू नये. सुकवण्याआधी ते शिजवून आत 71 अंश गाठावे लागतात, कोंबडीला 74.

फळं वाळली की लगेच साठवायची घाई नको. काचेची बरणी दोन तृतीयांश भरून घट्ट बंद करावी आणि आठवडाभर रोज हलवावी. कमी-जास्त वाळलेल्या कापांमधली ओल सारखी होते. काचेवर आतून दव दिसलं तर पुन्हा यंत्रात. भाज्या मात्र कटकन मोडल्या पाहिजेत.

विजेचं म्हणाल तर दहा तासांना जास्तीत जास्त साडेतीन युनिट. हीटर मधूनमधून बंद होतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. पंख्याची घरघर मात्र सतत चालू, झोपायच्या खोलीजवळ नको. ट्रे कोमट पाण्यात भिजवून नायलॉनच्या ब्रशने घासावेत, तारेची घासणी नको. तळाचा भाग प्लग काढून फक्त ओल्या फडक्याने पुसायचा.